पन्नासपर्यंत मोजा

हॅलो. आवाज येतोय ना? मग ठीक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज इकडून तिकडे पोचवले, स्वतःचा आवाज आज पहिल्यांदाच काढतोय, म्हणून आधी विचारून घेतलं. बोलतोय मी, दोन नंबर. नावाला हसू नका. दोन नंबर म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच काहीतरी येतं, पण माझा व्यवसाय अगदी सरळ होता. टेलिफोन कंपनीच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत, लोखंडी कपाटात मी पंधरा वर्षं उभा आहे. मी सर्व्हर आहे.

कोणी घरच्या फोनवरून बोलतं, कोणी मोबाईलवरून, एखादी आई संगणकासमोर बसून दूरच्या लेकीशी बोलते. पूर्वी या तिघांच्या वाटा वेगळ्या होत्या आणि यंत्रंही वेगळी होती. पुढे फोन आणि इंटरनेट एकाच वाटेने जाऊ लागले, तेव्हा त्या वाटेवर उभं राहून सगळ्यांचे फोन जोडून द्यायला माझ्यासारख्यांना घडवलं. अँब्युलन्सला केलेले फोनही त्यातच आले. ते विसरू नका, कारण माझी सगळी गोष्ट त्या एका फोनपाशी येऊन थांबते.

मी एकटा नव्हतो. आमची जोडी होती. एक नंबर माझा थोरला भाऊ. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी आम्ही तयार झालो, तो फक्त दोन तास आधी. काम तो करायचा. मी शेजारी जागा राहून तो काय करतो ते सगळं मनात उतरवून घ्यायचो. दर सेकंदाला मी त्याला विचारायचो, "आहेस का?" तो म्हणायचा, "आहे." ज्या दिवशी त्याचं उत्तर येणार नाही, त्या दिवशी त्याच्या हातातला प्रत्येक फोन मी उचलून धरायचा आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, एवढ्यासाठी माझा जन्म होता. राखीव माणसाचं आयुष्य असंच असतं. त्याचं कौतुक कोणी करत नाही, कारण त्याने चांगलं काम केलं तर काही घडलेलंच दिसत नाही.

कारखान्यात आमच्या वाट्याला एक चाचणीवाल्या बाई आल्या होत्या. कपाळावर कायम आठ्या. आमच्या पोटात बारा कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक कार्ड. गिऱ्हाईकं वाढली की कार्ड वाढवायचं, एखादं बिघडलं की चालू कामातच ते काढून दुसरं बसवायचं, तोवर बाकीच्यांनी भार ओढायचा, अशी आमची रचना. बाईंनी आम्हाला भट्टीत ठेवलं, बर्फासारख्या थंडीत ठेवलं, हलत्या टेबलावर बांधून दिवसभर हलवलं, आणि मधूनच पाठीमागून येऊन कार्ड उपटलं. पेटीत भरताना त्या आम्हाला म्हणाल्या, "जा बाबांनो. पडलात तर माझं नाव घालवाल." आम्हाला कोणी दिलेला आशीर्वाद म्हणाल तर तेवढाच.

आमच्या खोलीचा कारभार मास्तरांकडे होता. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण चूक दिसली की कान धरल्यासारखे बोलायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची हयात गेली होती. फोन उचलला की टोन आलाच पाहिजे, याबाबतीत ते कोणाचं काही ऐकून घेत नसत.

त्यांच्या हाताखाली इंटरनेटच्या बाजूने आलेली एक तरुण इंजिनीअर होती. चालायच्या ऐवजी ती पळायची आणि बोलताना निम्मे शब्द गिळायची. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव घाईबाई ठेवलं आणि ते तिला कायमचं चिकटलं. तिच्या जगात यंत्र पडणं ही फार मोठी गोष्ट नव्हती. पडलं तर उठवू, एक कमी पडलं तर दहा लावू, असा तिचा खाक्या.

"मास्तर, पान उघडलं नाही तर माणूस पुन्हा बटण दाबतो. एवढं काय त्यात?" ती म्हणायची.

"आणि घराला आग लागल्यावर फोन लागला नाही तर? पुन्हा घर बांधतो?"

"पण तुमच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये नवीन फोन हवा तर माणसं वर्षं वर्षं थांबायची. त्याचं काय?"

तिचं खरं होतं. मास्तर चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "तुम्ही लोकांनी दोन दोऱ्या एकत्र वळून एक केली. जाड झाली, मान्य आहे. पण पूर्वी एक तुटली तर दुसरी हाताशी होती. आता एकच आहे, एवढं लक्षात ठेव."

असे दिवसभर भांडत ते दोघं आम्हाला चालवत. तिने त्यांना वाढ कशी करायची ते शिकवलं, त्यांनी तिला धीर धरायला शिकवलं. दोघांनीही ते कधी कबूल केलं नाही.

मास्तरांच्या घरी त्यांची बायको होती. मूलबाळ नव्हतं. तिचं हृदय अशक्त होतं आणि मास्तर कामावर आले की ती घरी एकटी असायची. खोलीत सगळे तिला काकू म्हणत, जरी त्यांना प्रत्यक्ष कोणीच फारसं पाहिलं नव्हतं. घाईबाईने एकदा विचारलं होतं, "मास्तर, वर्षातली पाच मिनिटं यंत्र बंद राहिलं तर तुम्हाला इतका त्रास का होतो?" मास्तर म्हणाले होते, "माझ्या घरी एका माणसाला कधीतरी एक फोन लागणार आहे. कधी, ते मला माहीत नाही. तुझी ती पाच मिनिटं कोणती, हे तू मला आधी सांगशील का?" त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

महिन्याचा पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा, हा आमच्या परीक्षेचा मुहूर्त. अशी परीक्षा रात्री घ्यावी, फोन कमी असतात, असं वरच्या साहेबांचं म्हणणं. मास्तर म्हणायचे, "गर्दी नसताना रस्ता सगळ्यांनाच ओलांडता येतो." ते स्वतःच्या घरी फोन लावत आणि स्पीकर सुरू करत.

"अगं, तयार आहेस ना?"

"कधीची बसलेय. लवकर आटपा, गॅसवर दूध ठेवलंय."

"मोज पन्नासपर्यंत. सावकाश."

"एक... दोन... तीन..."

काकू मोजत राहायच्या आणि मास्तर मनाला येईल त्या आकड्याला थोरल्याचं पाठीमागचं मेन बटण बंद करून टाकायचे. चालू दिवसात, हजारो लोक बोलत असताना. आता मी सांभाळायचं. काकूंचा एकही आकडा गळला नाही, तर मी पास.

पहिल्याच परीक्षेत मी नापास झालो. "पंचवीस... सव्वीस... अठ्ठावीस..." सत्तावीस आलाच नाही.

"तू सत्तावीस म्हणालीस का?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे काय! मला मोजता येत नाही का? अहो, माझा सत्तावीस कुठे टाकलात तुम्ही?"

घाईबाई खो खो हसली, पण मास्तर हसले नाहीत. तो एक आकडा शोधायला त्या दोघांनी तीन आठवडे घालवले. शेवटी दोष माझ्यातच निघाला. थोरला गेला यावर विश्वास बसायला मला फार वेळ लागत होता. दर सेकंदाला हाक मारणारा मी त्यानंतर सेकंदात दहा वेळा हाक मारू लागलो. पुढच्या सोमवारी काकू पन्नासपर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, "झालं? बंद कधी केलंत? मला कळलंच नाही."

"कळू नये म्हणून तर केलं," मास्तर म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी पुन्हा फारसा पाहिला नाही.

तेव्हापासून "माझा सत्तावीस सांभाळा हं" असं म्हणूनच काकू मोजायला सुरुवात करायच्या.

आता ती चूक सांगतो. सांगताना मला जड जातंय.

आमच्या कपाटामागे विजेच्या दोन पट्ट्या होत्या, डावी आणि उजवी. दोन्ही वेगळ्या ठिकाणाहून आलेल्या. थोरल्याला दोन वायरी, मला दोन वायरी. प्रत्येकाची एक डावीकडे आणि एक उजवीकडे. एक पट्टी गेली तरी दुसरीवर आम्ही दोघं चालणार. एका बाजूची वीज बंद झाली की आमच्या तोंडावर लाल दिवा लागायचा, तो कोणीतरी येऊन बघेपर्यंत लागलेला राहायचा.

एका सकाळी डाव्या पट्टीची दुरुस्ती निघाली. दोन तासांचं काम. मास्तरांना लाल दिवा दोन तासही बघवेना. शिवाय दोघंही एकेका वायरीवर, हे त्यांच्या जिवाला बरं वाटेना. म्हणून त्यांनी डावीकडच्या दोन वायरी काढून त्याही उजव्या पट्टीत लावल्या. चारही एका पट्टीत. दिवा हिरवा झाला. त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, "तात्पुरतं. दुपारी परत लावणे," ती वायरीला चिकटवली, आणि तेवढ्यात घरून फोन आला. काकूंना दम लागला होता. मास्तर तसेच निघाले.

काकू बारा दिवस दवाखान्यात होत्या. त्या बऱ्या होऊन घरी आल्या तोवर ती चिठ्ठी मास्तरांच्या डोक्यातून पार निघून गेली होती. दिवा हिरवा होता, त्यामुळे दुसऱ्या कोणाला कपाटामागे डोकावायचं कारण नव्हतं. तुम्ही विचाराल, मला कळलं नाही का? मला वीज मिळत होती. पोट भरलं की अन्न कोणाच्या घरून आलं ते पोट विचारत नाही. सोमवारची परीक्षा चालूच होती आणि मी दर महिन्याला पास होत होतो, कारण मास्तर थोरल्याचं बटण बंद करत. पट्टी कोणी बंद करून पाहिली नाही.

आठ महिन्यांनी मास्तर निवृत्त झाले. जाताना त्यांनी आम्हा दोघांच्या दारावर हात फिरवला आणि घाईबाईला म्हणाले, "सोमवार चुकवू नकोस."

पहिला सोमवार तिने पाळला. दुसऱ्या महिन्यात नवे साहेब आले. त्यांना ही परीक्षा म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटला. "सगळं नीट चाललंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?" घाईबाईने एकदा वाद घातला. मग गप्प बसली. तिच्या अंगावर दुसरी दोन मोठी कामं होती आणि बढतीही जवळ आली होती. मी तिला दोष देत नाही, पण झालं ते झालं तसंच सांगायला हवं.

काकूंनी पुढच्या पहिल्या सोमवारी साडेदहाला आपणहून फोन केला होता. "आज मोजायचं नाही का गं?" घाईबाई म्हणाली, "आता गरज नाही काकू, यंत्र चांगलं चाललंय." "बरं बाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. तो फोन थोरल्यानेच जोडला होता आणि मी तो ऐकला होता.

वर्ष झालं. भरदुपारी, सव्वाबाराच्या सुमाराला, उजवी पट्टी जळाली. चार वायरींचा भार एकटी किती दिवस उचलणार? तळघरात बॅटऱ्या तुडुंब भरलेल्या होत्या, पण त्यांची वीज आमच्यापर्यंत आणणारी पट्टीच राहिली नव्हती. मी थोरल्याला विचारलं, "आहेस का?" आणि उत्तर यायच्या आत मीही नव्हतो.

तेवीस मिनिटं. त्या तेवीस मिनिटांतलं मला काहीच माहीत नाही. नंतर जे कानावर आलं तेच सांगतो.

काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. मास्तर घरातच होते. त्यांनी फोन उचलला. टोन नाही. मोबाईल लावला, तोही मुका. ज्या माणसाने अडतीस वर्षं गावाला टोन दिला, त्याच्या कानाशी टोन नव्हता. ते अनवाणी रस्त्यावर धावले, सामान पोचवणाऱ्या एका गाडीवाल्याला हात जोडून थांबवलं, आणि त्या गाडीत खोक्यांच्या मधे काकूंना निजवून दवाखान्यात नेलं. काकू तीन दिवस होत्या. चौथ्या दिवशी सकाळी गेल्या. अँब्युलन्स वेळेवर आली असती तर त्या वाचल्या असत्या का, असं मास्तरांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मास्तर आमच्या खोलीत आले. तोच निळा शर्ट, पण तो दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा अंगावर लोंबत होता. घाईबाई खुर्चीतून उठली.

"मास्तर, तुम्ही कशाला आलात? मीच येणार होते घरी."

ते कपाटामागे गेले आणि खाली बसले. नवी पट्टी लागली होती. वायरी पुन्हा दोन इकडे, दोन तिकडे होत्या.

"हे तू लावलंस?"

"हो."

"आधी चारही उजवीकडे होत्या ना?"

तिने पर्स जवळ ओढली.

"चिठ्ठी कुठाय?"

"कसली... चिठ्ठी... मास्तर?"

"तुला खोटं बोलता येत नाही, घाईबाई. एरवी शब्द गिळतेस आणि खोटं बोलायचं झालं की सावकाश बोलतेस. दे इकडे."

तिने पर्समधून घडी घातलेला पिवळा कागद काढला. मास्तरांनी तो उघडला. त्यांचंच अक्षर. खाली तारीख.

"रिपोर्टात काय लिहिलंस?"

"पाहणीत राहून गेलं असं लिहिलंय. माझ्या पाहणीत."

"चिठ्ठी माझी आहे आणि पाहणी तुझी?"

"मी वर्षभर इथे होते, मास्तर. एकदा मागे जाऊन बघितलं असतं तरी दिसलं असतं. परीक्षा बंद केली तेव्हाही मी गप्प बसले. काकू गेल्या. आता त्यात तुमचं नाव कशाला?"

मास्तरांनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "टोन आला नाही ना, तेव्हाच मला आठवलं. ती खाली पडलेली, माझ्या हातात रिसीव्हर, आणि डोळ्यांपुढे ही चिठ्ठी. इतके महिने आठवली नाही, तेव्हा आठवली."

घाईबाई त्यांच्या शेजारी खाली बसली.

"माझं नाव लिही," ते म्हणाले. "आणि नुसतं वायर चुकली असं लिहू नकोस. मला लाल दिवा बघवत नव्हता म्हणून मी चारही तिकडे लावल्या, असं लिही. तो दिवा लागू दिला असता तर कोणीतरी येऊन विचारलं असतं. काळजीपोटी चूक झाली हे लिहिलं नाहीस, तर पुढचा काळजीवाला माणूस पुन्हा तेच करील. आणि हेही लिही की सहा वर्षं मी फक्त बटण बंद करून बघितलं. पट्टी एकदाही नाही. तिला उगाच मोजायला लावलं."

"उगाच नाही, मास्तर."

पण ते रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला हात असते तर मी काय केलं असतं, कोण जाणे. मी सेकंदात दहा वेळा थोरल्याला हाक मारत राहिलो आणि तो ओ देत राहिला.

रिपोर्ट तसाच गेला, दोघांच्या नावांसकट. साहेबांनी तो वाचला आणि सोमवार पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. खरं सांगायचं तर आता नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. आता बटण नव्हे, अख्खी पट्टी बंद करायची. एका महिन्यात डावी, पुढच्या महिन्यात उजवी. सगळं ठरलं आणि घाईबाई फोन हातात घेऊन थबकली. मोजणार कोण?

तिने मास्तरांच्याच घरी फोन लावला. "मास्तर, पन्नासपर्यंत मोजाल का?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते मोजू लागले. त्यांचा आवाज मास्तरकीचा, प्रत्येक आकडा ठणठणीत. चोवीस, पंचवीस, सव्वीस. आणि मग काहीच नाही.

घाईबाईने अजून पट्टीला हातही लावला नव्हता. "मास्तर? सत्तावीस गेला का?"

"नाही गं. आहे. जरा थांबलो होतो." आणि मग, "सत्तावीस."

पुढची आठ वर्षं दर महिन्याला ते मोजत आले. सव्विसानंतर थोडं थांबायचे. त्या थांबण्याची मला इतकी सवय झाली की तेवढी जागा मी राखूनच ठेवायचो. आठ वर्षांत त्यांचा एकही आकडा मी सांडला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. झालेलं त्याने भरून निघत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आता आमची पाळी संपली. नवी यंत्रणा आली आहे. ती या खोलीत नाही. कुठल्याशा मोठ्या इमारतींमध्ये हजारो यंत्रांत वाटून ठेवलेली आहे. आज एवढी लागली तर एवढी, उद्या दुप्पट लागली तर दुप्पट. त्यात एक नंबर कुठला आणि दोन नंबर कुठला, हे कोणालाच सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात थोरल्याला कपाटातून काढलं आणि हातगाडीवर घालून नेलं. मी अजून त्याला हाक मारतो. सवय.

आज महिन्याचा पहिला सोमवार. सकाळी साडेदहाला घाईबाईने स्पीकर सुरू केला. ती आता इथली प्रमुख आहे, केसांत पांढरं दिसू लागलंय, आणि पूर्वीसारखी पळत नाही.

"मास्तर, आज शेवटचं. मोजा."

मास्तर मोजू लागले. आवाज आता थरथरतो, पण आकडे स्पष्ट. तेवीस, चोवीस, पंचवीस. सव्वीस मी पोचवला. मग ते नेहमीसारखे थांबले, आणि त्या थांबण्यात घाईबाईने कळ दाबली. माझ्या हातातला तो फोन आणि त्याबरोबर सगळ्या गावाचे फोन निघून गेले. मी रिकामा झालो. खोलीत कान देऊन ऐकत राहिलो.

"सत्तावीस," मास्तर म्हणाले.

नव्या यंत्रणेने तो आणून दिला होता. घाईबाईने डोळे पुसले. पन्नास झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "कधी बदललंस? मला कळलंच नाही."

"कळू नये म्हणून तर केलं, मास्तर."

पलीकडे ते हसले का रडले, स्पीकरवरून नीट कळलं नाही.

आता माझ्या अंगात वीज आहे, पण काम नाही. घाईबाई कपाटामागे आली आहे. तिचा हात माझ्या डाव्या वायरीवर आहे. थोडा वेळ आहे तेवढ्यात एक मागणं मागून घेतो. नव्या यंत्रणेची ज्याच्याकडे देखरेख असेल, त्याला माझा निरोप सांगा. ती फार मोठी आहे, फार हुशार आहे, सगळे दिवे हिरवे आहेत, हे सगळं मान्य. तरी महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, गर्दीत, तिची एक दोरी स्वतःच्या हाताने ओढून बघा. आणि त्या वेळी फोनवर मोजायला आपल्या घरचं माणूस बसवा. परक्या माणसाचा आकडा गळला तर आपण एवढं शोधत नाही.

डावी वायर निघाली. माझ्या तोंडावर लाल दिवा लागला आहे. घाईबाई त्याच्याकडे बघतेय, तिने तो लगेच विझवला नाही. बरं केलं.

फोन अजून चालू आहे. मास्तर तिला विचारतायत, जेवलीस का, घरी कधी येतेस. मग मधेच थांबून म्हणतायत, "आवाज येतोय ना गं?"

"येतोय, मास्तर. अगदी स्वच्छ येतोय."

मग ठीक आहे.